दार बंद होतं

त्या वर्षी उन्हाळा वेळेआधीच येऊन बसला आणि उठायचं नाव घेईना. विहिरींनी तळ दाखवला, गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. गावाच्या कडेनं जाणाऱ्या कालव्यात मात्र पाणी वाहत होतं, आणि खरं दुखणं तेच होतं. पाणीच नसतं तर माणसं आभाळाला शिव्या देऊन गप्प बसली असती. हे पाणी डोळ्यांदेखत पुढं जात होतं, पार टोकाच्या वस्त्यांना प्यायला. ते गावाच्या शेतात वळवायचं लोखंडी दार बंद होतं, आणि ते बंद ठेवायची नोकरी पाटकरणीच्या मुलाकडं होती.

पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि लावणारा माणूस. काम साधं. हातभर लांबीचं एक वाकडं हँडल असतं, ते दाराच्या माथ्यावरच्या चौकोनी दांड्यावर बसवायचं आणि चाळीस फेरे मारायचे, की पत्रा वर सरकतो. दार लावलं की हँडल काढून घरी आणायचं, म्हणजे मागं कुणाला पाणी चोरता येत नाही. पाटकरणीच्या घरात ते पिठाच्या डब्यामागं ठेवलेलं असायचं. नवऱ्याच्या वेळचं हँडल मात्र घरात नव्हतं. ते चौकातल्या स्मारकावर होतं, सिमेंटमध्ये घट्ट बसवलेलं, आणि वर्षातून एकदा त्याला हार पडायचा.

स्मारकाचे खांब पाच. तीस वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळ्यात गाव मोर्चा घेऊन दारावर गेलं होतं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघे जागीच गेले. पाचवा पाटकरी. तो तीन दिवसांनी सापडला, खालच्या पुलाच्या जाळीला अडकलेला, अंग फुगलेलं आणि कमरेला दोरीनं हँडल बांधलेलं. गोळी त्याला लागलेली नव्हती. रेटारेटीत कुणाचा तरी धक्का लागून तो पाण्यात पडला होता. कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

ते तीन दिवस पाटकरणीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. तो त्या दिवशी दारावर गेला होता तो दार राखायला, आणि हे गावाला माहीत होतं. जाताना तो तिला म्हणाला होता, "हँडल काढून कमरेलाच बांधतो. मग बघू कोण उघडतं." जमावानं शेवटी पहारींनी दाराचा पत्रा फाडला. तीन दिवस तिच्या दारात कुणी फिरकलं नाही. शेजारणीनं मधल्या कुंपणाला काटे लावले. कडेवर सव्वा वर्षाचं पोर, आणि पाणी भरायला गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. सरकारचा माणूस तो, त्याच्या बायकोला कोण जवळ करणार?

मग प्रेत सापडलं, आणि गावच्या शाळेचे मास्तर पुढं झाले. बोलणारा माणूस. कमरेचं हँडल सगळ्यांना दाखवत ते म्हणाले, "हा आपला माणूस होता. हे हँडल तो आपल्यासाठी घेऊन निघाला होता." एवढंच म्हणाले. पण त्याच संध्याकाळी शेजारीण डबा घेऊन आली आणि काटे आपल्या हातांनी काढून गेली. पाटकरणीनं डबा घेतला. पोराला भूक लागली होती. 

पुढच्या वर्षी स्मृतिदिन झाला तेव्हा मास्तर म्हणाले, हँडल द्यायला तो धावत येत होता. त्याच्या पुढच्या वर्षी तो दारापर्यंत पोचला. चौथ्या की पाचव्या वर्षी त्यानं दार उघडलं, स्वतःच्या हातांनी, छातीवर बंदुका रोखलेल्या असताना. फाटलेला पत्रा बदलून सरकारनं नवा बसवला होता, त्यामुळं जुन्याची आठवण करून द्यायला काही उरलं नव्हतं. सहाव्या वर्षी मास्तरांनी पक्ष काढला आणि निशाणी घेतली हँडल. भिंतीभिंतींवर हँडल रंगलं. आसपासच्या गावांत या लोकांना हँडलवाले म्हणायला लागले, आधी चेष्टेनं आणि मग जरा बिचकून. ज्यांनी त्या वेळी घागरी बाजूला घेतल्या त्यांच्या सुना आता पाटकरणीला स्टेजवर हात धरून चढवायच्या. ती उभी राहायची आणि मास्तरांनी शिकवलेलं वाक्य म्हणायची, "त्या दिवशी माझ्या घरधन्यानं स्वतःच्या हातांनी दार उघडलं."

मुलगा तेच ऐकत मोठा झाला. विसाव्या वर्षी बापाच्या जागी नोकरीला लागला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी तो घरी आला आणि हातातलं हँडल खाली न ठेवता उंबऱ्यातच उभा राहिला.

"आई, उघडताना हँडल दांड्यावरच असतं."

ती भांडी घासत होती. "हो."

"हे कमरेला तेव्हाच बांधतात, जेव्हा उघडू द्यायचं नसतं."

तिनं राखेचे हात तसेच मांडीवर ठेवले. "हो रे बाळा. त्यांनी नाही उघडलं."

तो आत आला, बसला, पाणी प्यायला. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलली नाहीत. पण त्या दिवसापासून पाटकरणीला घर भरल्यासारखं वाटायला लागलं. इतकी वर्षं ती एका माणसाला एकटीच ओळखत होती. गाव ओळखत होतं तो कुणी दुसराच होता. आता तिच्या नवऱ्याला ओळखणारे जगात दोघे झाले.

तर त्या उन्हाळ्यात स्मृतिदिनाच्या आठ दिवस आधी अध्यक्ष घरी आले. मास्तरांचेच चिरंजीव. मास्तर गेल्यावर पक्ष यांच्याकडं आला होता, आणि चार महिन्यांवर निवडणूक होती. पाटकरणीला ते मावशी म्हणायचे. सुनेनं खुर्ची पुसून दिली.

"मावशी, यंदा सभा झाली की तिथूनच मोर्चा दारावर," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली. तेच दार, तोच दुष्काळ. आणि आता नशीब बघा, दारावर त्यांचाच मुलगा!"

मुलगा कोपऱ्यात चपलेचा अंगठा शिवत होता. "दार उघडायचा हुकूम नाही, साहेब."

"तुझ्या वडलांना कुठं होता?"

मुलानं आईकडं पाहिलं. आईनं चुलीकडं.

"पुढं टोकाला लोकांना प्यायला पाणी नाही," मुलगा म्हणाला. "इथं उघडलं तर तिकडं थेंब पोचणार नाही. मी हँडल काढून घेणार आणि उभा राहणार."

अध्यक्ष हसले. हसणं वाईट नव्हतं, लाडक्या भाच्यावर हसावं तसं होतं. "उभा राहा ना. तुला काही करायचंच नाहीये. नुसता उभा राहा." चहा पिऊन ते गेले.

 कमरेला हँडल बांधून उभा राहिलेला एक माणूस तिनं जाळीवरून काढलेला पाहिला होता. तिनं मनाशी ठरवलं, या वेळी स्टेजवर खरं सांगायचं. दार बंद होतं, तो बंद ठेवायला उभा होता आणि तुम्ही त्याला ढकललंत. हे ऐकल्यावर कुठल्या तोंडानं जातील मोर्चा घेऊन? आठ दिवस तिनं ते वाक्य घोळवलं, पाणी शेंदताना, शेण उचलताना, नातीची वेणी घालताना. म्हशीसमोर तर ती मोठ्यानं म्हणूनसुद्धा दाखवायची, अंगणातल्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हैस शांतपणे रवंथ करायची. निदान ऐकून तरी घ्यायची.

स्मृतिदिनाला ऊन असं होतं की मांडवाचं कापड हाताला चटका देत होतं. माणसं खचाखच. टोप्यांवर हँडल, झेंड्यांवर हँडल, लहान पोरांच्या गालांवर रंगवलेलं हँडल. पाटकरणीला मधली खुर्ची. मुलगा सकाळीच दारावर गेला होता. अध्यक्ष बोलले, हार पडले, आणि मग माईक तिच्यासमोर आला.

"त्या दिवशी माझ्या घरधन्यानं," ती म्हणाली, आणि माईक जवळ ओढला. "त्या दिवशी त्यांनी दार—"

"उघडलं!" सगळा मांडव एका आवाजात म्हणाला.

दर वर्षी ऐकून ऐकून लोकांना पाठ होतं ते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापासून गालावर रंग लावलेल्या पोरापर्यंत सगळ्यांनी ते वाक्य तिच्या तोंडातून काढून घेतलं आणि पुरं केलं. "नाही, ऐका," ती म्हणाली, "ऐका, दार बंद—" पण घोषणा सुरू झाल्या होत्या, ढोल वाजायला लागला होता आणि गावातली एक सुनबाई तिचा दंड धरून म्हणत होती, "बसा मावशी, भरून आलं का? बसा." कुणीतरी तिला सरबताचा पेला दिला. तिनं तो हातात धरला. लोक तिच्याकडं इतक्या प्रेमानं बघत होते की तिला रडूच फुटलं, आणि तेही सगळ्यांना बरोबरच वाटलं.

मोर्चा निघाला तशी ती मागच्या बाजूनं उतरली आणि बांधाबांधानं पळत सुटली. पळणं कसलं, गुडघे धरून चालणंच ते. मोर्चा रस्त्यानं वळसा घेऊन येणार होता. ती पोचली तेव्हा मुलगा दाराच्या कठड्यावर उभा होता, हँडल कमरेला बांधलेलं. त्याची उभं राहायची ढब थेट बापाची होती.

"खाली उतर," ती म्हणाली. "हँडल दे त्यांना. काय करायचं ते करू देत."

"तू स्टेजवर सांगणार होतीस ना?"

"सांगितलं रे."

"मग?"

तेवढ्यात माणसं आली. पण ती दगड घेऊन आली नव्हती, पहारी तर नव्हत्याच. ती हार घेऊन आली होती. चार जणांनी मुलाला कठड्यावरून अलगद उतरवलं, खांद्यावर घेतलं, गळ्यात हारावर हार घातले, इतके की त्याचं तोंड झाकलं. तो ओरडत होता, "सोडा! हुकूम नाही!" आणि लोक आनंदानं ओरडत होते. कुणीतरी कमरेची दोरी सोडली. हँडल दांड्यावर बसलं. अध्यक्षांनी मुलाचा उजवा हात धरून हँडलवर ठेवला, त्यावर आपला ठेवला, त्यावर आणखी दहा जणांनी आपापले ठेवले. एक फेरा, दोन फेरे. कॅमेरेवाला म्हणाला, "जरा इकडं बघा." पत्रा करकरत वर आला आणि खालून पाणी सुटलं. गडी शेताकडं जाणाऱ्या चारीत उतरून त्या पाण्यात लोळले. तहानलेल्या जमिनीचा वास आला, आणि खोटं कशाला बोला, तो वास पाटकरणीलाही आवडला.

"बापानं उघडलं, लेकानं उघडलं!" घोषणा ताजी होती, पण लगेच सगळ्यांच्या तोंडी बसली.

चार दिवसांनी चिठ्ठी आली. मुलाला कामावरून बंद केलं होतं आणि चौकशीला बोलावलं होतं. कालव्याच्या कचेरीत लांबट खोली, कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे, वर कुरकुरणारा पंखा. टेबलामागचे साहेब वयानं मुलाएवढेच होते. बोलणं मऊ होतं. त्यांनी फोटो पुढं सरकवला. फोटोत मुलाचा हात सगळ्यांच्या खाली होता, म्हणजे हँडलवर.

"माझा हात धरून ठेवला होता साहेब."

"कोण सांगेल तसं? गावातल्या अठ्ठावीस जणांनी लिहून दिलंय, तुम्ही स्वखुशीनं उघडलंत म्हणून. अभिमानानं लिहिलंय सगळ्यांनी."

"मी सांगते," पाटकरीण मागच्या बाकावरून उठली. "मी तिथं होते. हा नको म्हणत होता, ओरडत होता. यानं उघडलं नाही."

साहेबांनी तिला बसायला पुढची खुर्ची दिली. मग एक फाइल उघडली. तिच्यात वर्षावर्षांची वर्तमानपत्रांची कात्रणं होती. प्रत्येकावर स्टेज, माईक आणि ती. "बाई, हे तुम्हीच ना?"

"मीच."

"दर वर्षी तुम्ही सांगता की यांच्या वडलांनी हुकूम मोडून दार उघडलं. खरं आहे ते?"

 तिनं मुलाकडं पाहिलं. तो खाली फरशीकडं बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी नव्हतं उघडलं. ते मी खोटं सांगत आले."

साहेबांना राग आला नाही, हेच वाईट झालं. त्यांनी फाइल हळूच मिटली. "तीस वर्षं हजारो माणसांसमोर खोटं बोललात म्हणता. मग आज मुलासाठी खरं बोलताय, हे मी कशावरून धरू? तुम्हीच सांगा." त्यांनी खरंच थोडा वेळ वाट पाहिली.  बाहेर आल्यावर मुलगा तिच्या पुढं चालत होता. स्टँडपर्यंत तो एकदाही मागं वळला नाही.

नोकरी गेली. मुलगा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागला. बारा वर्षं हँडल फिरवलेले हात, तरी पहिल्या दोन दिवसांतच तळव्यांना फोड आले आणि फुटले. सून रोज संध्याकाळी फडक्यानं बांधायची. मुकादम त्याला कामाला लावायचा, पण "या हुतात्मे, या" म्हणून हाक मारायचा, आणि बाकीचे हसायचे. गावात याच्या उलट. वाटेत माणसं थांबून त्याचा खांदा थोपटायची, हॉटेलवाला चहा पुढं करायचा. सुरुवातीला तो सांगायचा, "अहो, मी नाही उघडलं." समोरचा डोळा मारून म्हणायचा, "बरोबर आहे, केस चालू आहे, असंच म्हणायचं." हळूहळू त्यानं सांगणं सोडून दिलं.

टोकाच्या वस्त्यांत पाणी गेलंच नव्हतं. तिकडची एक बाई खडीच्या कामावर होती. ती त्याच्याकडं बघायची नाही, आणि तो बसला असेल त्या सावलीला बसायची नाही. हे त्यानं घरी आईला सांगितलं, एकदाच.

महिनाभरानं अध्यक्ष परत आले. या वेळी खुर्ची सुनेनं पुसली नाही, मुलानंच पुसली. अध्यक्ष म्हणाले, लोकांची इच्छा आहे, निवडणुकीला तूच उभा राहा. मुलगा विचार करून सांगतो म्हणाला. ते गेल्यावर सून म्हणाली, "यात विचार कसला करायचाय? नोकरी त्यांच्यापायी गेली, तर त्यांनीच द्यावं काहीतरी." ती चुकीचं बोलत नव्हती. पाटकरणीनं शेंगा सोलत ऐकलं.  पोराच्या भुकेसाठी एकदा तिनंही डबा घेतला होताच ना.

पहिल्या सभेच्या दिवशी दुपारी चार वाजता मुलगा भिंतीवरच्या आरशापुढं उभा होता. नवा पांढरा सदरा, वर हँडलचा बिल्ला. हाताच्या फोडांची जागा आता टणक झाली होती, बटणं लावताना बोटं अवघडत होती.

"आई, आवरलं का? गाडी येईल."

ती उंबऱ्याशी बसली होती. "काय बोलणार आहेस?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"त्यात बाबांचं आहे?"

"असणारच ना."

"तुला माहीत आहे," ती म्हणाली. "एवढंच म्हणते मी. तिकडं काय बोलायचं ते बोल. पण तुला माहीत आहे, एवढं मला सांग."

तो आरशात बघत गळ्याचं बटण लावत राहिला. ते लागेना. "हँडल उघडल्यावरसुद्धा काढता येतं, आई," तो म्हणाला. "पूर्ण वर नेलं की काढायचं आणि कमरेला बांधायचं. म्हणजे कुणाला परत लावता येऊ नये."

"पत्रा फाडला होता रे. उघडलं असतं तर फाडला कशाला असता?"

"पत्रा नंतर फाडला असेल. पोलिसांनीसुद्धा फाडला असेल, आळ लोकांवर घालायला." मग तो वळला. आवाज चढलेला नव्हता. उलट समजूत काढल्यासारखा होता. "तू कुठं होतीस तिथं?"

"घरी होते," पाटकरीण म्हणाली. "तुला पाजत होते."

बाहेर गाडी वाजली. सून मुलीला घेऊन पुढं झाली. मुलगा आईजवळ क्षणभर थांबला, तिच्या खांद्याला हात लावला. "ऊन आहे. नसशील येत तर राहा, मी सांगतो तब्येत बरी नाही म्हणून." तो गेला.

घरात ती आणि बाहेर म्हैस. पिठाच्या डब्यामागं आता काही नव्हतं, कचेरीनं हँडल जमा करून घेतलं होतं. कलत्या उन्हात चौकाकडून कर्ण्याचा आवाज यायला लागला. आधी अध्यक्ष बोलले. मग मुलगा. सुरुवातीला अडखळला, मग टाळ्या पडल्या तसा सुटला. बापाचं बोलताना तो रडायला लागला, आणि ते सोंग नव्हतं. आपल्या मुलाचा रडवेला आवाज तिला कळत होता. तो मनापासून रडत होता, त्या दुसऱ्याच माणसासाठी.

मग परत अध्यक्ष. "मावशींची तब्येत बरी नाही, त्या येऊ शकल्या नाहीत," ते म्हणाले. "पण त्यांच्याशिवाय आपली सभा होते का?" लोक म्हणाले, नाही. कर्ण्यात जरा खरखर झाली. आणि मग पाटकरणीला आपला स्वतःचा आवाज ऐकू आला, कुठल्या तरी मागच्या वर्षीचा, खणखणीत, आजच्यापेक्षा तरुण.

"त्या दिवशी माझ्या घरधन्यानं स्वतःच्या हातांनी दार उघडलं."

"नाही उघडलं," ती उंबऱ्यातून म्हणाली.

ऐकायला कुणी नव्हतं. टाळ्या लांबपर्यंत आल्या, आणि लोकांनी आग्रह केला म्हणून ते वाक्य पुन्हा लावलं.